पैसे घ्यायला पिन कशाला?



आमच्या वस्तीतील एका भगिनीने मुलीच्या फीसाठी शिलाई मशीन विकायला काढले. मोबाईलवर फोटो टाकताच फोन आला. "मी लष्करात आहे. पैसे आत्ताच पाठवतो, मशीन न्यायला माणूस येईल." घासाघीस नाही, मशीन पाहणे नाही! त्याने क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करून पिन टाका, साडेचार हजार जमा होतील." पिन टाकला आणि तेवढेच खात्यातून गेले. "चूक झाली, परत करतो," म्हणत त्याने दुसरा कोड पाठवला. पुन्हा साडेचार हजार गेले. लाजेपोटी बाईंनी दोन दिवस घरातही सांगितले नाही. तोवर फार उशीर झाला होता.

बंधू-भगिनींनो, एवढे पाठ करा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन म्हणजे पैसे देण्याची सही. पैसे आल्याचा मेसेज खोटा असू शकतो. खात्यातील शिल्लक पाहूनच वस्तू हातची सोडा. "जास्त आले, परत करा" म्हटले तरी आधी शिल्लक पाहा. फसगत झालीच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हीच तथागतांची कालामांना शिकवण. न दिलेले घेऊन शील त्याने मोडले. लाज त्याला वाटावी, आपल्या भगिनीला नव्हे.

जयभीम!