शहरांच्या जमिनीचा ताळेबंद

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असें आपण मुलांस सांगतों. परंतु आपल्या शहराचें अंथरूण किती व त्यानें पाय किती पसरले, हें पाहण्याची जबाबदारी कोणीच आपली मानीत नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं जगापुढें जीं १७ उद्दिष्टें ठेविलीं, त्यांतील अकरावें शहरांविषयीं असून त्यांत या हिशेबाचें एक माप सांगितलें आहे. शहराची बांधकामाखालील जमीन दरसाल शेंकडा किती वाढली हें काढावें, लोकसंख्या दरसाल शेंकडा किती वाढली हेंही काढावें, आणि पहिल्या आंकड्यास दुसऱ्यानें भागावें. जमीन शेंकडा ४ व माणसें शेंकडा २ वाढलीं, तर उत्तर २. म्हणजे माणसांच्या दुप्पट वेगानें जमीन खर्ची पडली. उत्तर १ हून कमी आल्यास शहर दाट होत आहे असें समजावें.

हें माप आम्हांस फार उपयोगाचें वाटतें. शेतजमीन एकदां इमारतींखालीं गेली कीं ती पुन्हा नांगराखालीं येत नाहीं. आणि विरळ पसरलेल्या शहरांत नळ, गटारें, रस्ते व दिवे यांचा खर्च दर घरामागें अधिक पडून तो अखेर करदात्याच्याच माथीं बसतो.

परंतु माप खरें हवें असेल तर आधीं शहर कोणतें हें ठरलें पाहिजे. पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें घेण्यांत आलीं. कागदावर शहर एका दिवसांत वाढलें. जमिनीवर त्या दिवशीं एक वीटही हलली नाहीं. सबब हद्दीची रेघ सोडून प्रत्यक्ष बांधकामच मोजावें. पृथ्वीचीं चित्रें घेणारे उपग्रह १९७२ पासून फिरत आहेत. तेव्हां साधन नाहीं ही सबब टिकणारी नाहीं. माणसांची मोजणीही तितकीच चोख हवी. भारताची जनगणना २०११ नंतर २०२१ सालीं व्हावयाची होती, ती तेव्हां झाली नाहीं. भाजकच अंदाजाचा असेल, तर भागाकार अंदाजाचाच येणार!

दोन्ही आंकडे चोख असले तरी उत्तराचा अर्थ डोळसपणें लावावा लागतो. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत १९५० सालीं सुमारें साडेअठरा लक्ष लोक होते. २०२० सालीं ते साडेसहा लक्षांहून कमी उरले. अशा शहरीं जमीन वाढली व माणसें घटलीं, तर भागाकार उणा येतो आणि तो १ हून कमी म्हणून कोणी काटकसर समजल्यास शुद्ध फसवणूक होईल. उलट धारावींत दोन-अडीच चौरस किलोमीटरांत लक्षावधि माणसें राहतात. केवळ या मापानें पाहिलें, तर अशा वस्तीस काटकसरीचें पहिलें बक्षीस द्यावें लागेल!

दाटी म्हणजेच कार्यक्षमता असें मानणाऱ्यांनीं मुंबईचा इतिहास आठवावा. १८९६ सालीं तेथें प्लेग आला व कोंदट चाळींत त्यानें थैमान घातलें; मग १८९८ सालीं सरकारला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापून रस्ते रुंद करण्याची बुद्धि झाली. हवा व उजेड यांवर केलेली बचत मनुष्याच्या जिवानें फेडावी लागते, हा धडा मुंबईनें फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रत्येक नगरपालिकेनें अंदाजपत्रकाबरोबर तीन आंकडे दरसाल प्रसिद्ध करावेत: बांधकामाखालील जमीन किती वाढली, माणसें किती वाढलीं, आणि दर माणशीं राहण्यास व मोकळी जागा किती उरली. पहिल्या दोहोंवरून शहराची उधळपट्टी कळेल. तिसऱ्यावरून त्याचा न्याय कळेल. दुकानाचा ताळेबंद न पाहणारा व्यापारी दिवाळ्याच्या दिवशीं जागा होतो. आपल्या शहराचा ताळेबंद मागण्याचा हक्क नागरिकांस आहे, व तो त्यांनीं आजच बजावला पाहिजे.