पुढून ओढणारी की मागून ढकलणारी?

मोटारगाडी घेणे हा आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत अजूनही एखाद्या लग्नकार्याइतकाच मोठा प्रसंग असतो. सर्वांचे मत विचारले जाते, दूरच्या नातेवाइकांचे अनुभव गोळा केले जातात, आणि ज्याला गाडी चालवायची असते त्याचे मत बहुधा सर्वांत शेवटी ऐकले जाते. आमच्या घरी हा प्रसंग गेल्या कार्तिकात आला. माझा धाकटा भाऊ चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथे एका कारखान्यात अभियंता आहे. सहा वर्षांच्या नोकरीत त्याने काही रक्कम बाजूला टाकली होती व तीतून गाडी घ्यावयाचे ठरविले होते. येथवर कोणाचीच हरकत नव्हती. तथापि त्याच्या मनात दोन गाड्या होत्या, आणि त्यांपैकी एकीचे नुसते वर्णन ऐकूनच आईने मला दूरध्वनी केला.

"तू प्रत्यक्ष जाऊन ये. त्याला समजाव. ती गाडी म्हणे मागच्या चाकांवर चालते. खंबाटकीत काय झालं ते तो विसरला असेल, मी नाही विसरले."

खंबाटकीच्या घाटात काय झाले ते पुढे सांगेनच. आधी त्या दोन गाड्यांविषयी.

अनुवाद हा माझा व्यवसाय असल्याने मी प्रथम शब्दांपाशीच अडखळले. भावाच्या यादीतील एक 'हॉट हॅच' होती व दुसरी 'स्पोर्ट्‌स कूपे'. हॅच म्हणजे जिचे मागचे दार झाकणासारखे वर उचलले जाते ती आटोपशीर कौटुंबिक गाडी. तिच्यात अधिक जोमाचे इंजिन बसविले की ती 'हॉट' होते. 'कूपे' हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'कापलेली' असा आहे. चौघांची घोडागाडी कापून दोघांपुरती केली की तिला हे नाव मिळत असे. म्हणजे एका गाडीच्या नावात उष्णता आणि दुसरीच्या नावात काटछाट! मराठीत यांना चपखल प्रतिशब्द मला सापडले नाहीत. परंतु खरा भेद नावाचा नव्हताच. पहिलीत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते, दुसरीत मागच्या. बैल गाडी पुढून ओढतो आणि हातगाडीवाला आपली गाडी मागून ढकलतो, तसाच काहीसा हा प्रकार.

श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. भाविक येथे त्यासाठीच येतात. गेल्या काही दशकांत मात्र गावाची दुसरी ओळख मोटारींमुळे झाली आहे. जवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथे ह्युंदाईचा कारखाना असून १९९८ साली तेथूनच सँट्रो ही छोटी गाडी बाहेर पडली. त्याच परिसरात मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा शर्यतीचा मार्ग आहे. त्यापूर्वी या क्लबच्या शर्यती शहराच्या उत्तरेस शोलावरम येथील जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर होत असत. येथील मार्ग सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा व बारा वळणांचा आहे. २०१० साली सुरू झालेल्या पोलो कपच्या, पुढच्या चाकांनी चालणाऱ्या, गाड्या येथे धावल्या आहेत. आणि तरुण चालक ज्यांवर धडे गिरवितात त्या एका आसनाच्या फॉर्म्युला गाड्यांची शक्ती मागच्या चाकांना असते. तेव्हा आमच्या घरातील वाद सोडविण्यास याहून योग्य गाव शोधूनही सापडले नसते.

आपल्या वडीलधाऱ्या पिढीला मागून ढकलणारी गाडी मुळीच अपरिचित नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, ती मागच्या चाकांवरच चाले, आणि ॲम्बॅसेडरही तशीच. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. पुढून ओढणारी गाडी आपल्या घरोघरी पोहोचली ती १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मुळे. युरोपात हे परिवर्तन त्याआधीच घडले होते. सुएझच्या पेचप्रसंगात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरविणारी मिनी रचली. ही गाडी १९५९ साली बाजारात आली. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाहीसा झाल्याने एवढ्याशा गाडीत चार माणसे बसू लागली. आणि हीच चिमुकली गाडी पुढे १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लोची बर्फाळ रॅली जिंकून गेली! १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा प्रारंभीचा अंदाज होता. एकट्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. बाजारहाट आणि शर्यत ही दोन्ही कामे एकाच गाडीने करावीत, हा विचार तेव्हापासून रूढ झाला. आपल्याकडे २००१ साली कुर्ल्याहूनच निघालेली १.६ लिटर इंजिनाची फियाट पॅलिओ याच जातकुळीची. तिला पेट्रोल फार लागे, पण तिचे चाहते आजही तिच्याविषयी हळवेपणाने बोलतात.

भावाच्या मनातील हॅच म्हणजे त्याच्या घराजवळच तयार होणारी आय ट्वेंटी एन लाइन. २०२१ साली आलेल्या या गाडीचे इंजिन अवघे एक लिटरचे असले तरी टर्बोच्या साहाय्याने १२० अश्वशक्ती देते. परदेशात याच नावाची २०४ अश्वशक्तीची गाडी निघाली होती. ती भारतात विकली गेली नाही. त्यामुळे "आपली ही गाडी हॉट नव्हे, कोमट," असे भाऊ स्वतःच हसून म्हणाला. दुसरी होती एका जर्मन बनावटीची, पंधरा वर्षे वापरलेली दोन दारांची कूपे. वापरलेली असल्याने तिची किंमत नव्या हॅचएवढीच झाली होती. लांब नाक, ठेंगणी पाठ, गर्द निळा रंग. खोटे कशाला बोलू, मलाही ती पाहताच आवडली.

मी पोहोचले त्या दिवसांत ईशान्येकडचा मोसमी पाऊस जोरात होता. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात जे रस्त्यांचे होते, ते चेन्नईकडे आश्विन-कार्तिकात होते. रविवारी सरावासाठी शर्यतीचा मार्ग खुला होता, म्हणून भाऊ मला तेथे घेऊन गेला. वर्षानुवर्षे शर्यतीच्या गाड्या दुरुस्त केलेले एक वयोवृद्ध तमिळ गृहस्थ त्याच्या ओळखीचे होते. छत्रीखाली उभे राहून त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते कोणत्याही पुस्तकापेक्षा सोपे होते.

ते म्हणाले, "प्रत्येक चाकाजवळ पकडीचा एकच रुपया असतो, असे समजा. पुढून ओढणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांनाच वळायचे असते आणि ओढायचेही असते. वळण्यात बारा आणे गेले, तर ओढायला चारच आणे उरतात. त्यापेक्षा अधिक मागाल तर चाक घसरेल, गाडीचे नाक वळणाबाहेर जाऊ लागेल. मागून ढकलणाऱ्या गाडीत कामाची वाटणी असते. पुढची चाके वळवितात, मागची ढकलतात. शिवाय वेग घेताना गाडीचे वजन मागे सरकते व मागच्या चाकांची पकड वाढते. म्हणून चांगला चालक तिच्यावर खूश असतो. पण मागच्या चाकांचा रुपया संपला, की शेपूट फिरते."

"मग सुरक्षित कोणती?" मी विचारले.

"नाक घसरले तर घाबरलेला माणूस स्वाभाविकपणेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, आणि बहुधा तेच योग्य ठरते. शेपूट फिरले तर घाबरून पाय झटकन काढणे हेच चुकते. तेथे स्टिअरिंग उलट दिशेला फिरवून, पाय जपून हलवावा लागतो. ते शिकावे लागते. पण बाई, ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांनाच लागतात, हे विसरू नका."

थोड्याच वेळात त्यांच्या म्हणण्याचे प्रात्यक्षिकही पाहावयास मिळाले. एक हॅच वळणात अंमळ जोराने शिरली, तिचे नाक सरळ गवताकडे निघाले, चालकाने वेग कमी करताच ती निमूटपणे मार्गावर आली. काही वेळाने मागच्या चाकांची एक गाडी त्याच वळणातून बाहेर पडली. तिची ती झेप इतकी देखणी होती की माझ्या तोंडून 'वा' निघाले, आणि तो शब्द पुरा होण्यापूर्वीच ती स्वतःभोवती फिरून उलट्या तोंडाने चिखलात उभी राहिली. कोणास काही इजा झाली नाही. अलीकडच्या गाड्यांत घसरणारे चाक ओळखून त्यास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. भावाच्या दोन्ही गाड्यांतही ती होती. परंतु ती चालकाची चूक सावरते, पकड निर्माण करीत नाही.

माझा निर्णय झाला होता. आईचे म्हणणे खरे ठरले, असे मी रात्री जेवताना भावाला सांगितले. मी आठ वर्षांची होते आणि तो पाच. आमची जुनी पद्मिनी खंबाटकीचा घाट उतरत होती, पहिलाच पाऊस होता. बाबांनी एका वळणाआधी गिअर खाली घेतला आणि गाडीचे शेपूट फिरले. कठड्याला धडकून आम्ही थांबलो म्हणून वाचलो. आईचा उजवा हात कोपरापाशी मोडला. तो आजही पूर्ण सरळ होत नाही. बाबांनी पुढच्याच महिन्यात गाडी विकली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

भावाने ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "ताई, तुला अर्धंच ठाऊक आहे. मागच्या दिवाळीत बाबांनी मला सांगितलं. त्या वेळी मागचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते. मे महिन्यात बदलायचे होते. पण जूनमध्ये तुझ्या नव्या शाळेचे पैसे भरायचे होते, म्हणून त्यांनी टायर दिवाळीपर्यंत थांबवले. आईला त्यांनी अजून सांगितलेलं नाही."

त्या शाळेत मी शिकले, भाषांची गोडी मला तेथेच लागली, आणि आज मी हे सदर लिहिते आहे. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. पंचवीसहून अधिक वर्षे आमच्या घराने दोष मागच्या चाकांना दिला होता. दोष चाकांचा नव्हता. ओल्या उतारावर इंजिनाचा रोध मागच्या चाकांवर येतो, आणि त्यांच्या टायरवर खाचाच उरलेल्या नव्हत्या. पाणी बाहेर टाकावयाचे ते या खाचांनी. कायद्यानेही मोटारीच्या टायरवर त्या किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही निळी कूपे पुन्हा पाहावयास गेलो, आणि या खेपेस रंगाकडे न पाहता प्रथम टायरांकडे पाहिले. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक संकेत कोरलेला असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीच्या टायरवरील खाचा पुष्कळ खोल होत्या, पण शेवटचे दोन आकडे होते १४. गाडी फारशी धावली नव्हती. रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारे होऊन कडक झाले होते. नवे टायर घालावयाचे तर मागचे पुढच्यांहून रुंद, त्यामुळे त्यांची अदलाबदल करून आयुष्य वाढविण्याची सोय नाही. आणि दुकानदाराने सांगितलेली किंमत हॅचच्या टायरांच्या तिपटीहून अधिक. भाऊ हिशेब मांडत बराच वेळ गप्प राहिला. शेवटी म्हणाला, "घ्यायला परवडते आहे. पण दर वेळी टायर बदलायची पाळी आली, की मीही म्हणेन, दिवाळीपर्यंत थांबू."

त्याने हॅच घेतली. मागील चाकांच्या गाडीवरील त्याचे प्रेम कमी झालेले नाही, आणि व्हावे असे मलाही वाटत नाही. वाचकांपैकी कोणापुढे असाच पेच असेल, तर माझे सांगणे एवढेच: घरातील सर्व माणसे एकाच गाडीत बसणार असतील, पाऊस-पाणी, शाळा, दवाखाना तिच्यावरच अवलंबून असेल, तर पुढून ओढणारी हॅच घ्यावी; तिच्यात मौजही कमी नाही. घरात दुसरी गाडी असेल, चालविण्याची कला बंदिस्त मार्गावर एखाद्या जाणत्याकडून शिकण्याची तयारी असेल, तर मागून ढकलणारी कूपे जो आनंद देते त्याला तोड नाही. मात्र दोन्हीपैकी कोणतीही घेताना किमतीच्या कागदाशेजारी चार नव्या टायरांची किंमत लिहावी, आणि ती रक्कम न कुरकुरता भरता येईल का, हे स्वतःला विचारावे. रस्त्याला चिकटलेले असते ते इंजिन नव्हे. प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढे रबर, इतकाच काय तो आधार.

संक्रांतीला आई-बाबा श्रीपेरुंबुदूरला गेले. तेथे पोंगलची सुट्टी होती. आईने नव्या गाडीला हळदकुंकू लावले, मागच्या आसनावर ऐसपैस बसून पाहिले, आणि ही पुढच्या चाकांचीच ना, असे दोनदा विचारून घेतले. बाबा मात्र काही न बोलता गाडीला एक फेरी घालून आले. मग मागच्या चाकाशी वाकून त्यांनी टायरच्या खाचेत अंगठा घालून पाहिला. भावाने किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली, क्षणभर हातात धरली, आणि आईकडे वळून म्हणाले, "चल, तुला एक गोष्ट सांगायची आहे. देवळापर्यंत जाऊन येऊ."