पाडा म्हणायला काय जातंय?

आज जरा स्पष्टच लिहितो. जुन्या पेठेतल्या त्या वाड्यावरून चार दिवस आपल्या गावच्या ग्रुपवर जे चाललंय, ते वाचून गप्प बसवेना.

एक पार्टी म्हणते, पाडा एकदाचा, रस्ता तरी मोकळा होईल. दुसरी म्हणते, पूर्वजांचा वारसा आहे, दगडाला हात लावाल तर बघा. दोघांना माझा एकच प्रश्न. आत कोण जाऊन आलंय? मी परवा जाऊन आलो.

गल्लीकडच्या भिंतीला पोट सुटलंय. तिच्या बाजूनं शाळेची पोरं जाताना बघून पोटात गोळा आला. पण आतले सागवानी खांब, तुळया अजून ठणठणीत दिसतात. आणि मागच्या दोन खणांत एक आजी राहतात, जुन्या भाडेकरू. नोटीस दिंडी दरवाजाला चिकटवली, पण त्यांना कुणी वाचून दाखवली नाही.

आधी वारसावाल्यांना सांगतो. आपण हिंगोली जिल्ह्यात राहतो. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. तेव्हा अंगणात पळत कोण आलं होतं, आपणच ना? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं गेली, ती दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. ती फुगलेली भिंत तशीच ठेवा म्हणणं हे वारशाचं प्रेम नाही, बेफिकिरी आहे.

आता पाडापाडीवाल्यांना. वाडा म्हातारा झाला म्हणून पडत नाहीये. माळवदाची निगा दरवर्षी पावसाळ्याआधी राखावी लागते. पांढरी माती टाकायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. हिस्सेदार पुण्या-संभाजीनगरला गेले, निगा थांबली, पाणी भिंतीत मुरलं. त्यांना तरी किती दोष द्यायचा? चौदा जणांची सही एका कागदावर येत नाही, आणि दुरुस्तीला पैसा कुणाकडे आहे? पण इलाज आहे. माळवदावरचा मातीचा भार कमी करायचा, फुगलेला भाग उतरवून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालून पुन्हा रचायचा. किल्लारीनंतर मराठवाड्याला हेच सांगितलं गेलं होतं. आपण विसरलो.

कायदाही फक्त पाडा म्हणत नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातलं कलम १९५ धोकादायक बांधकामाबद्दल आहे. त्यात पाडण्याबरोबर दुरुस्त करून सुरक्षित करण्याचाही आदेश देता येतो. मोठ्या शहरांत तपासणी करून सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असे वर्ग ठरवतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आपल्या नोटिशीत नुसतं 'धोकादायक' लिहिलंय. किती धोकादायक? कुठला भाग? कुणी तपासलं?

पुण्याचा भिडे वाडा आठवा. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा तिथं काढली. पुढे स्मारकाच्या घोषणा झाल्या, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि वाडा तिकडे मोडकळीला येत राहिला. सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये रात्रीतून पाडला, स्मारक बांधायला. स्मारक व्हायलाच पाहिजे. पण वाडा राखून स्मारक करायची वेळ वाट बघण्यातच गेली. वाट बघणं म्हणजेही पाडणंच, फक्त हळूहळू.

म्हणून माझी मागणी साधी आहे. उद्याच भिंतीला टेकू द्या, पोरांची वाट दुसऱ्या गल्लीतून करा. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून अहवाल नोटीस बोर्डावर लावा. दुरुस्ती शक्य नाही असं निघालं, तर पाडा म्हणणारा पहिला मी असेन. फक्त त्याआधी मोजमाप घ्या, फोटो काढा, लाकूड भंगारात घालू नका, आणि आजींची सोय करा. दुरुस्ती शक्य असेल, तर रस्तारुंदी किंवा कॉम्प्लेक्सचं कारण पुढे करून जेसीबी आणू नका.

ग्रुपवर 'पाडा' टाइप करायला दोन सेकंद लागतात. जाणार ते आजींचं छप्पर.

सोमवारी सकाळी ११ वाजता हेच निवेदन घेऊन मी पालिकेत जातोय. दोन्ही पार्ट्यांनी या. येताना आधी वाड्यात डोकावून या.