परक्या सॉफ्टवेअरची जागा
युनिक्स-वंशीय प्रणालींत मूळ संचाबाहेरचे, म्हणजे त्रयस्थ निर्मात्याचे, सॉफ्टवेअर कोठे ठेवावे याविषयी अमेरिकेत दोन रूढी पडल्या: यंत्राचा व्यवस्थापक स्वतः जे बसवील त्यासाठी ‘/यूएसआर/लोकल’, आणि आपल्या फाइली एकाच निर्देशिकेत राखणाऱ्या विक्रेत्याच्या तयार संचासाठी ‘/ऑप्ट’. ॲपलने २०१५ मध्ये आपल्या अशाच संगणक-प्रणालीच्या ‘एल कॅपिटन’ आवृत्तीत ‘/यूएसआर’ला कुलूप घातले, तरी त्यातील ‘लोकल’ मोकळे ठेवले; तेथेच होमब्रू, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारी आज्ञावली, वस्तीला होती, पण ॲपलच्या स्वतःच्या चिपा आल्यावर ती ‘/ऑप्ट/होमब्रू’त गेली, जेणेकरून रोझेटा या अनुवादकाद्वारे चालणाऱ्या इंटेल-प्रतीशी तिची सरमिसळ होऊ नये. जुन्या जागेत इतर आज्ञावल्याही बिनदिक्कत फाइली टाकत असल्याने हे स्थलांतर खरे तर आधीच व्हायला हवे होते.