दोन दिवसांची अट

आपत्ती किती वेळ टिकली यावरून तिने किती नुकसान केले हे ठरत नाही, आणि याचे टोकाचे उदाहरण म्हणजे टोर्नेडो, अर्थात गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला, स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. एखाद्या वस्तीवरून तो काही मिनिटांत पुढे सरकतो. वस्तीला सावरायला मात्र वर्षे लागतात. विदर्भातील उन्हाळी वावधनाने टिनपत्रे उडतात, झाडे मोडतात, तरी अशा स्तंभाचा अनुभव नागपूरकरांच्या गाठीशी नाही, आणि केंद्राने मदतीसाठी अधिसूचित केलेल्या आपत्तींच्या यादीतही टोर्नेडोचे वेगळे नाव नाही. थोड्या वेळात संसार उद्ध्वस्त करणारी आपत्ती या शहराने पाहिली ती पाण्याच्या रूपाने, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे.

त्या रात्री चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. पश्चिम नागपुरातील अंबाझरी तलाव सांडव्यावरून, म्हणजे भरलेल्या तलावातील जादा पाणी बाहेर पडावे म्हणून बांधलेल्या वाटेवरून, ओसंडला आणि नाग नदीच्या आक्रसलेल्या पात्रात न मावलेले पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या वस्त्यांत माणसे झोपेत असतानाच शिरले. पुढे सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानक बुडाले. लष्कराला बोलवावे लागले. चौघांचा जीव गेला. आदल्याच दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचे पूजन झाले होते, त्यामुळे ज्या दिवशी त्यांचे विसर्जन व्हायचे त्याच दिवशी अनेक घरांत गाळ उपसण्याचे काम सुरू झाले.

पाणी काही तासांत उतरले, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ साठीच्या केंद्रीय निकषांनुसार कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये मिळतात, ते घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिलेले असेल तर. ही अट संथपणे चढणाऱ्या आणि संथपणे ओसरणाऱ्या नदीकाठच्या पुराला शोभते. नाल्यासारख्या शहरी नदीच्या अचानक आलेल्या लोंढ्याला ती लागू करणे अनाठायी आहे, कारण गादी, फ्रिज, मुलांची प्रमाणपत्रे किंवा शिलाई यंत्र निकामी व्हायला दोन दिवस लागत नाहीत. नागपुरात शासनाने कुटुंबाला १० हजार, दुकानदाराला ५० हजारांपर्यंत आणि टपरीवाल्याला १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली, हे योग्यच झाले. तथापि पंचनामा, म्हणजे शासकीय कर्मचाऱ्याने पंचांसमक्ष केलेली नुकसानीची नोंद, भिंतीवरच्या ओलीचा आणि गाळाचा आधार घेतो. घर जितक्या तत्परतेने धुवावे तितका पुरावा कमी होतो, आणि न धुवावे तर रोगराई. शहाणे शेजारी अशा वेळी आधी एकमेकांच्या घरांचे फोटो काढतात आणि मग झाडू हाती घेतात. ही युक्ती कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेली नसावी.

सावरण्याचा याहून चिवट प्रकार नागपुरात दिसला तो न्यायालयात. पूरग्रस्त रहिवासी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेले आणि सांडव्याच्या तोंडाशी उभारलेल्या विवेकानंद स्मारकासह पाण्याच्या वाटेतील अडथळ्यांचा जाब त्यांनी मागितला. दहा हजारांच्या मदतीवर समाधान मानून गप्प बसणे सोपे होते; तलावाच्या सुरक्षिततेबद्दल यंत्रणांना शपथपत्रे दाखल करायला लावणे हे कितीतरी कंटाळवाणे, तारखांमागून तारखा पडणारे काम होते आणि पुनर्वसनाच्या हिशेबात त्याला कधी जागा मिळत नाही.

सक्करदऱ्यासारख्या पूर्वेकडच्या वस्तीने हे सारे पश्चिम नागपूरचे दुखणे मानू नये. तीच नाग नदी सीताबर्डी आणि महालावरून अशोक चौकाकडे, म्हणजे सक्करदऱ्याच्या उशाशी येते, आणि या भागाचा स्वतःचा जुना तलावही आहे. तलाव म्हटले की चर्चा उद्यान, रोषणाई आणि नौकाविहाराची होते. तो भरून वाहू लागल्यास पाणी कोणत्या गल्लीतून जाईल आणि त्या गल्लीत आज काय बांधले आहे, याचा नकाशा महापालिकेच्या झोन कार्यालयात दर्शनी भागात लावायला फारसा खर्च येणार नाही.