पहिल्या सहा महिन्यांचं कोण सांगणार?

हार्मोन हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. १९८५ साली हैदराबादजवळच्या पटणचेरूत गरीब बायकांना नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन दिलं जात होतं. ते अजून चाचणीच्या पायरीवर आहे, हे त्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतरांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच काळात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या गर्भ राहिला की नाही हे पाहण्यासाठी सर्रास दिल्या जात. त्यांच्यावर बंदी घालायचं १९८२ मध्ये ठरलं, पण कंपन्या कोर्टात गेल्या आणि बंदी यायला १९८८ उजाडलं. या लढ्यांतून आपण एक साधं तत्त्व शिकलो. जिच्या शरीरात औषध जाणार, तिला ते काय करतं, काय करत नाही आणि काय बिघडवू शकतं, हे तिच्या भाषेत आधी कळलं पाहिजे.

हे तत्त्व आपण ट्रान्स स्त्रियांना लावतो का? जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगा म्हणून झाली, पण ज्या स्त्री आहेत, त्यांच्यापैकी अनेकजणी हार्मोन घेतात. आपल्या आरोग्य शिबिरांत, पुस्तिकांत, समुपदेशन केंद्रांत त्याबद्दल एक ओळही सापडत नाही.

काही मैत्रिणी विचारतात, ज्या औषधांविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, त्यांचाच आता पुरस्कार करायचा का? मला वाटतं, पुरस्काराचा इथे प्रश्नच नाही. हार्मोन घेतल्यानं कुणी बाई ठरत नाही, आणि न घेतल्यानं कुणाचं बाईपण कमी होत नाही. आपलं लिंगभाव कोणतं हे ज्यानं त्यानं ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदेशीर आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा निकालात म्हटलं. पण ज्यांना गोळ्या हव्या आहेत त्या घेणारच आहेत. त्या जाणतेपणी घेणार की अंधारात, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

अंधारात काय होतं ते पाहा. मी ज्या केंद्रात काम करते, तिथे येणाऱ्या बहुतेकींची सुरुवात डॉक्टरकडे झालेली नसते. कुणी मैत्रीण सांगते, आणि औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणली जातात. एक गोळी पुरत नाही असं वाटून दोन, मग चार. माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यातल्या ७ नुसत्या लोहाच्या. उरलेल्या २१ मध्ये जे इस्ट्रोजेन असतं, त्याचं नाव इथिनिल इस्ट्रॅडिओल. गर्भनिरोधक म्हणून त्याची मात्रा अगदी बारीक ठेवलेली असते. तेच मूठभर गिळलं की रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच आज ट्रान्स स्त्रियांना हे इस्ट्रोजेन देऊ नये असं वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रं सांगतात. त्याऐवजी डॉक्टर इस्ट्रॅडिओल देतात, गोळी, जेल, पट्टी किंवा इंजेक्शनच्या रूपात. जोडीला टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध असतं, बहुधा स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन. मात्रा किती, हे मासिकातून सांगायचं नसतं. ती प्रत्येकीचं वय, वजन, रक्तदाब, यकृत, मूत्रपिंड पाहून ठरते. पण पुढे काय होईल हे मात्र आपण सांगू शकतो आणि सांगायलाच हवं.

पहिल्या एक ते तीन महिन्यांत आरशात जवळजवळ काहीच दिसत नाही. बदल होतो तो आत. लैंगिक इच्छा कमी होते, आपोआप येणारी ताठरता कमी होते. कुणाला त्यानं सुटल्यासारखं वाटतं, तर कुणाला याची कल्पनाच नसल्यानं ती घाबरते. मन हळवं झालं असंही काहीजणी सांगतात, काहीजणी उलट शांत वाटतं म्हणतात. इथे आपण सावध राहिलं पाहिजे. ‘आता बाई झालीस, रडणारच’ ही थट्टा आपण स्वतःबद्दल ऐकून घेत नाही, तिच्याबद्दलही ऐकून घेऊ नये.

तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ होऊ लागते, तेलकटपणा कमी होतो. स्तनाग्राखाली छोटी, दुखरी गाठ येते. धक्का लागला तरी कळ येते. मुलींना वयात येताना होतं तसंच हे आहे. दोन्हीकडची वाढ सारखी नसते, आणि ती पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात. बहुतेकींची वाढ बेताचीच राहते. गोळ्या दुप्पट केल्यानं ती दुप्पट होत नाही. चरबी हळूहळू कमरेकडे आणि मांड्यांकडे सरकते. दंडातली ताकद कमी होते. हमाली करणारीला, मंडईत पाट्या उचलणारीला हे आधी माहीत असलं पाहिजे, कारण तिच्या पोटाचा प्रश्न आहे. अंगावरचे केस विरळ व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं.

काही गोष्टी होतच नाहीत. आवाज बदलत नाही. तो सरावानं बदलावा लागतो. दाढी जात नाही, त्यासाठी लेझर किंवा विजेचे उपचार लागतात. उंची, खांदे, हाडांची ठेवण तीच राहते. गोळ्या थांबवल्या तर बरेचसे बदल मागे फिरतात, पण वाढलेले स्तन तसेच राहतात. बीजनिर्मिती कमी होते आणि ती कायमची जाऊ शकते. ज्यांना पुढेमागे आपलं मूल हवं असेल त्यांनी शुक्राणू गोठवून ठेवण्याचा विचार गोळ्या सुरू करण्याआधीच करायला हवा. याची दुसरी बाजूही आहे. हे गर्भनिरोधन नव्हे, गोळ्या चालू असताना जोडीदारीण गरोदर राहू शकते. आपल्याकडे घरच्यांनी धरून लग्न लावलेल्या कितीतरी ट्रान्स स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या बायकाही आपल्याच केंद्रात येतात. दोघींनाही फसवलं गेलेलं असतं, आणि दोघींनाही ही माहिती हवी असते.

पहिल्या सहा महिन्यांचा हा हिशोब कुणी सांगितला नाही की काय होतं? चार महिन्यांनी आरशात काही दिसत नाही म्हणून गोळ्या वाढवल्या जातात. किंवा छाती दुखायला लागली म्हणजे काहीतरी वाईट झालं असं समजून एकाएकी सगळं बंद होतं. आमच्याकडे येणारी एक मैत्रीण पायाला आलेली सूज आठवडाभर लपवत होती. डॉक्टर गोळ्याच बंद करतील ही तिची भीती. एकच पाय सुजणं आणि दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, डोळ्यांपुढे अंधारी, असह्य डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विडी-सिगरेटनं हा धोका वाढतो, हेही नाही.

स्पायरोनोलॅक्टोन मुळात रक्तदाबावर दिलं जाणारं, लघवी वाढवणारं औषध. त्यानं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्त तपासावं लागतं. आता विचार करा, वारंवार लघवीला जावं लागणारी ट्रान्स स्त्री जाईल कुठे? पुरुषांच्या मुतारीत मार खाण्याची भीती, बायकांच्या मुतारीतून हाकललं जाण्याची. मग ती पाणीच पीत नाही, आणि या औषधावर असताना पाणी तोडणं मूत्रपिंडाला धोक्याचं. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवताना, बाया पाणी का पीत नाहीत हे आपणच महापालिकेला समजावून सांगितलं होतं. ते दुखणं हेच आहे. सायप्रोटेरोनचं वेगळं. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातली. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी हवी ती यासाठी.

पण तपासणी करायची कुठे? २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया आणि त्याच्या आधीचं-नंतरचं समुपदेशन पुरवणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलं गेलं. प्रत्यक्षात केसपेपरच्या खिडकीवर पुरुषाचं नाव मोठ्यानं पुकारलं जातं आणि ती तिथूनच परत फिरते. २०२१ पासून हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात ‘मित्र’ दवाखाने सुरू झाले होते. एकाच छताखाली हार्मोनचा सल्ला, रक्ततपासणी, समुपदेशन मिळत होतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि ते बंद पडले. हैदराबादचा दवाखाना पुढे दुसऱ्या निधीवर नव्या नावानं उभा राहिला. पण परदेशातल्या एका सहीनं पुण्यातल्या बाईची औषधं आणि तपासण्या तुटाव्यात, ही परिस्थिती कुणामुळे आली? कायद्यात लिहिलेलं काम सरकारी दवाखान्यांनी अंगावर घेतलं नाही म्हणून.

डॉक्टरांच्या हाती निर्णय द्या असं मी म्हणत नाही. त्यांनी वर्षानुवर्षं दारावर उभं राहून ‘तू खरी बाई आहेस का’ हे तपासण्याचंच काम केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची २०२२ मध्ये लागू झाली, आणि त्यात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढला गेला. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ‘बदलून दाखवतो’ म्हणणाऱ्या उपचारांना गैरवर्तन ठरवलं. डॉक्टरांकडून हवी आहे ती देखरेख आणि खरी माहिती. परवानगीची भीक नको.

मैत्रिणींनो, हे काम आपल्याला परकं नाही. पाळी, गर्भपात, तांबी यांवर आपण चित्रांसकट सोप्या मराठीत पत्रकं काढली. तसंच एक पत्रक हार्मोनच्या पहिल्या वर्षावर काढता येईल, ट्रान्स मैत्रिणींना सोबत घेऊन, त्यांच्या शब्दांत. त्यात चार गोष्टी असाव्यात: काय होईल आणि कधी, काय होणार नाही, कोणत्या खुणा दिसल्या तर धावायचं, आणि कोणत्या तपासण्या मागायच्या. पोलीस चौकीत आपण बाईसोबत जातो, तसं केसपेपरच्या खिडकीपर्यंत तिच्यासोबत जाता येईल. तिचं नाव तिनं सांगितलेलंच लिहा, हे तिथे उभं राहून म्हणता येईल. आणि जिल्हा रुग्णालयाला लेखी विचारता येईल: हार्मोन उपचार कोणत्या विभागात मिळतात, कोणत्या वारी, रक्ततपासणी फुकट आहे का? उत्तर आलं तर ते पत्रकात छापू. नाही आलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करू.

नेट-एनच्या वेळी आपण विचारलं होतं, बायकांना का सांगितलं नाही? आज हाच प्रश्न ट्रान्स स्त्रियांनी आपल्या केंद्रांना विचारला, तर आपलं उत्तर तयार हवं.