पुणे ते सॅन फ्रान्सिस्को १५ तासांत? फक्त कागदावर!

पुणे ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती, असे मोबाइलवर विचारले की क्षणात उत्तर येते : सुमारे १३,५४० किलोमीटर, विमानाने साधारण १५ तास. लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेले कोथरूडमधले आई-वडील या आकड्यावर विसंबतात. घराच्या दारापासून तिच्या दारापर्यंत मात्र २४ ते ३० तास सहज जातात.

आकडा येतो कुठून?

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर काढायचे आणि ताशी ९०० किलोमीटरने भागायचे, एवढाच हा हिशेब. भूमितीत चूक नाही. पण ही रेषा पुण्याहून पश्चिमेला जातच नाही. ती उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकत निघते आणि ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, थेट आर्क्टिकमध्ये चढून मग खाली उतरते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा, पटेल.

या रेषेवर तिबेटचे पठार आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तातडीने दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटमध्ये जमीनच त्याहून उंच. त्यामुळे विमाने शक्यतो वळसा घेतात. त्यात एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा भारतीय कंपन्यांच्या पश्चिमेकडच्या फेऱ्या आणखी लांबल्या.

मुळात पुण्याहून विमान कुठे आहे?

खरी मेख इथे आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, समुद्रसपाटीपासून जवळपास ५९० मीटर उंचीवर. उंचीवरच्या विरळ, तापलेल्या हवेत पंधरा-सोळा तासांचे इंधन भरलेल्या अवजड विमानाला ती पुरत नाही. २००८मध्ये फ्रँकफर्टची थेट सेवा सुरू झाली तीही छोट्या विमानाने, आणि ती टिकली नाही. २०२४मध्ये नवे टर्मिनल आले, त्याचे कौतुक झाले. पण टर्मिनल चकचकीत झाल्याने धावपट्टी लांबत नाही. पुरंदर विमानतळाची चर्चा २०१६पासून सुरू आहे. (तिथल्या गावकऱ्यांच्या जमिनींचा प्रश्न हा स्वतंत्र लेखाचा विषय.)

म्हणून पुणेकर मुंबई गाठतो. अंतर जेमतेम १५० किलोमीटर. तरीही घाटातली कोंडी, पाऊस, विमानतळावर तीन तास आधी पोहोचण्याची अट धरून शहाणा माणूस उड्डाणाच्या आठ-नऊ तास आधी घर सोडतो. १३ हजार किलोमीटरच्या प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा टप्पा द्रुतगती मार्गावरचा असावा, हे नियोजनाचे अपयश आहे. ते प्रवाशाच्या माथी का मारायचे?

तिकिटावर काय पाहावे?

सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ वजा करू नये. मुंबईहून पहाटे दोनला सुटलेले थेट विमान साडेसोळा तास उडून, उन्हाळ्यात त्याच दिवशी सकाळी सहाला तिथे उतरेल. कागदावर प्रवास चार तासांचा! घड्याळांत फरक साडेबारा तासांचा असतो, हिवाळ्यात साडेतेरा. तिकिटावर ‘एकूण प्रवासवेळ’ वेगळी छापलेली असते, ती पाहावी आणि तिच्यात मुंबईपर्यंतचे तास मिळवावेत.

परतताना हाच फरक उलटा बसतो. वडिलांना रुग्णालयात हलवल्याचा फोन आल्यावर लेक तिकडून शुक्रवारी रात्री नऊच्या थेट विमानात बसली, तरी मुंबईत उतरेपर्यंत रविवार लागलेला असतो. त्यापुढे घाट.